समास सोडून लिहा

अलिबागला शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे वळायच्या आधी एकच वाक्य म्हणायच्या, "समास सोडून लिहा." पट्टीने उभी रेघ मारायची आणि तिच्या डावीकडे पेन न्यायचं नाही. नेलं की तीच पट्टी हातावर. पुस्तकात लिहिणं हा त्याहून मोठा गुन्हा, कारण ते जूनमध्ये पुढच्या वर्गातल्या कुणाला तरी अर्ध्या किमतीत विकायचं असायचं. पेनाच्या खुणा दिसल्या की अर्ध्याची पाव व्हायची.

आज माझं पोट नेमकं उलट्या हिशेबावर चालतं. जेरुसलेममध्ये जुन्या हिब्रू पुस्तकांचे लिलाव होतात अशा एका ठिकाणी मी कॅटलॉगसाठी वर्णनं लिहिते. पानं मोजायची, कसरीची भोकं बघायची, पाण्याचे डाग, बांधणी, शिक्के सगळं टिपायचं. मग खरी गोष्ट: समासात कुणी काही लिहिलंय का, आणि लिहिलं असेल तर कुणी? दोनशे वर्षांपूर्वीचं यहुदी धर्मशास्त्राचं छापील पुस्तक इथे फार अप्रूपाचं नाही. कुणाचे आजोबा गेले, घर रिकामं केलं, की खोक्यांनी येतात. पण कडेला एखाद्या नावाजलेल्या रब्बीचं, म्हणजे यहुदी धर्मपंडिताचं, अक्षर निघालं, तर शेजारच्या खोलीतले लोकसुद्धा चहा हातात घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. (चहा लांबच ठेवायला लावते.)

मी इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आधी एका पुस्तकांच्या दुकानात पार्सलं बांधायचं काम केलं. पार्सलावर चिठ्ठी लावायला पुस्तकाचं नाव वाचता यायला हवं, म्हणून वाचायला शिकले, आणि मग ते वाचणं अंगाला चिकटलं.

'शुल्हान आरूख' हे नाव या पोस्टमध्ये सारखं येणार, म्हणून आधी सांगते. शब्दशः अर्थ मांडलेलं मेज. आपण म्हणतो ना, पान वाढलंय, बसा, तसं. योसेफ कारो यांनी १५६३ मध्ये गालिलातल्या साफेद गावी तो ग्रंथ पुरा केला, १५६५ मध्ये तो व्हेनिसला छापला गेला. सकाळी उठून हात धुण्यापासून लग्न, घटस्फोट, कर्ज, सुतक, मांस कसं खारवायचं इथपर्यंत सगळे नियम, आणि तेही थोडक्यात. त्यांनी ग्रंथाचे तीस भाग पाडले, रोज एक वाचला की महिन्यात एक फेरी व्हावी म्हणून. बिचारे! कारोंचा जन्म स्पेनमधला, त्यामुळे पान वाढलं ते बरंचसं तिकडच्या चालीने. पोलंडात क्राकोला मोशे इस्सर्लेस होते. आमच्याकडच्या रिवाजांचं काय, असं म्हणून त्यांनी जागोजागी टिपणं लिहिली आणि त्या टिपणांना नाव दिलं 'मप्पा', म्हणजे मेजावर घालायचं कापड. तुम्ही मेज मांडलंत, कापड आम्ही घालतो. नंतरच्या आवृत्त्यांत हे कापड मेजात असं विणलं गेलं की आता एकाच परिच्छेदात कारो चौकोनी अक्षरात आणि इस्सर्लेस 'राशी' नावाच्या बारीक वळणाच्या अक्षरात बोलतात. मग त्या दोघांच्या कडेने पुढच्या शतकातले टीकाकार, त्यांच्याही कडेने त्यांच्या पुढचे. महिन्यात वाचून व्हायचं पुस्तक आता एकट्याने उचलवत नाही.

यातले कितीतरी लोक पुस्तक लिहायला बसलेच नव्हते. ते आपल्या घरच्या प्रतीत, वाचता वाचता, कडेला दोन शब्द लिहीत होते. तालमूद म्हणजे या सगळ्या नियमांच्या मुळाशी असलेला चर्चांचा जुना महाग्रंथ. त्यावरच्या विल्नाच्या गाऑनच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या तिथल्या थोर पंडिताच्या, टिपा तर इतक्या त्रोटक की 'हा शब्द काढा', 'हे आधी, ते नंतर' एवढंच. पोझनचे रब्बी अकिवा एगर (१७६१ ते १८३७) यांचंही तसंच. १८३१ च्या कॉलऱ्यात या माणसाने पाणी उकळून प्या, गर्दी करू नका असल्या सूचना काढून गाव सांभाळलं आणि त्याबद्दल प्रशियाच्या राजाने आभार मानले. पण आम्हा कॅटलॉगवाल्यांचे ते दैवत आहेत ते त्यांच्या समासामुळे. त्यांच्या तालमूदावरच्या टिपा १८३० च्या दशकात प्रागच्या आवृत्तीत छापल्या गेल्या. नाव काय? 'गिल्योन हाशास'. गिल्योन म्हणजे समास. तालमूदचा समास! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आमच्या बाई आठवल्या होत्या.

त्यातली एक टीप मला फार आवडते. बेराखोत नावाच्या भागात पान २५ च्या मागच्या बाजूला राशी, म्हणजे अकराव्या शतकातले सगळ्यात मोठे टीकाकार, एका ठिकाणी सरळ लिहितात की याचा अर्थ मला माहीत नाही. अकिवा एगर तिथे काय करतात? राशींनी आणखी कुठे कुठे 'मला माहीत नाही' म्हटलंय त्या जागांची यादी देतात. लांबच लांब यादी, मत एकही नाही. एवढ्या जागा लक्षात ठेवून, हुडकून, एका ओळीत आणून बसवायला किती वर्षं वाचलं असेल त्यांनी! विल्नाला रोम कुटुंबाच्या छापखान्याने १८८० ते १८८६ मध्ये जो तालमूद काढला त्यात हे सगळे समास एकत्र छापले, आणि आजही मुलं तीच पानं समोर घेऊन बसतात. त्या छापखान्याचं नाव मुखपृष्ठावर असतं 'विधवा आणि भाऊ रोम'. विधवा आधी, भाऊ नंतर.

अक्षराबद्दल. छापील हिब्रू वाचता येणाऱ्याला दोनशे वर्षांपूर्वीचं हातचं हिब्रू वाचता येतं असं अजिबात नाही. ज्यांच्या घरी मोडी होती त्यांना लगेच कळेल. देवनागरी छान येते म्हणून मोडी लागत नाही, तसंच. त्यात शाई माजूफळ आणि हिराकस यांची, मूळची काळी पण आता चहाच्या डागासारखी तपकिरी. शिवाय निम्मे शब्द आद्याक्षरांत. 'टेट-सामेख' म्हणजे लिहिणाऱ्याची किंवा छापणाऱ्याची चूक. 'नून-लामेद-आयिन-दालेद' म्हणजे 'माझ्या गरीब बुद्धीला असं वाटतं'. सहीआधी बहुतेक 'हाकातान' असतं, म्हणजे 'लहान'. अमुक शहराचा मुख्य रब्बी, शेकडो शिष्य, आणि सही करणार 'लहान मोशे'. आपल्याकडच्या पत्रांतल्या चरणरजांचीच ही भावंडं. आणि सगळ्यात लाडकी दोन अक्षरं, 'त्सादी-आयिन': त्सारीख इयून. यावर विचार करायला हवा. म्हणजे मला शंका आली आहे, उत्तर सापडलेलं नाही, पण शंका पुसत नाही. अकिवा एगर यांच्या लेखनात हे शब्द पावलोपावली भेटतात.

मालकी सांगायच्या तऱ्हाही ठरलेल्या. मुखपृष्ठावर स्तोत्रातली ओळ आखडून लिहायची, 'पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं देवाचं आहे', आणि लगेच खाली आपलं नाव. म्हणजे सगळं देवाचं, पण हे पुस्तक माझं. दुसरी तऱ्हा अधिक रोखठोक: माणसाने आपल्या पुस्तकावर नेहमी नाव घालावं, नाहीतर बाजारातला कुणीतरी येऊन म्हणेल माझंच आहे. मराठीतल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्' करून शेवटी 'मूर्खहस्ते न दातव्यम्' म्हणायचे ना, त्याच जातीची काळजी. फरक एवढाच की आपल्याला मूर्खाची भीती आणि यांना बाजाराची.

बाजाराची भीती खरीच ठरली, कारण खोट्या सह्या करणारे निघाले. जुनं पुस्तक मिळवायचं, मोठ्या माणसाचं नाव घालायचं. पकडायचं कसं? कसरीला विचारायचं. कसरीचं भोक अक्षराच्या मधून गेलं असेल आणि रेघ भोकाच्या दोन्ही काठांवर स्वच्छ तुटली असेल, तर अक्षर आधीचं, कसर नंतरची. पण शाई भोकाच्या काठाने आत ओघळली असेल, किंवा पेन भोकापाशी अडखळून वळसा घालून गेलं असेल, तर समजायचं की कुणीतरी अलीकडेच बसून रब्बी झालाय. दुसरी खूण बांधणाराची. जुन्या काळी पुस्तक नव्याने बांधताना कडा सुरीने सरळ करत, आणि समासातल्या अक्षरांवरून ती सुरी बिनदिक्कत फिरे. त्यामुळे अर्धी कापली गेलेली ओळ दिसली की आधी वाईट वाटतं आणि लगेच बरं वाटतं. बनावट करणारा आपलं अक्षर कडेपासून नीट जागा सोडून लिहितो. त्याच्या बाईंनी शिकवलेलं असतं.

आता माझाच घोळ. पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ओळखीच्या नावाची खरीखुरी सही होती आणि आत पानोपान नोंदी. मी लिहून मोकळी झाले, 'नोंदी मालकाच्या हातच्या'. ज्यांनी घेतलं त्यांनी पंधरा दिवसांनी पुस्तक परत आणलं आणि एका टिपेवर बोट ठेवलं. त्या टिपेत एका ग्रंथाचा हवाला होता, आणि तो ग्रंथ सही करणारा वारल्यावर तेरा वर्षांनी छापला गेला होता. मेलेला माणूस नवीन पुस्तकं वाचत होता. पुस्तक पुढे मुलाकडे गेलं असेल, जावयाकडे गेलं असेल, कुणाकडेही. सही एकाची आणि शंका दुसऱ्याच्या. पैसे परत गेले. मला कुणी ओरडलं नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून मी आधी नोंदींतले हवाले तपासते आणि नाव शेवटी बघते.

आमच्याकडे बुधवारी एक म्हातारे जेरुसलेमकर गृहस्थ येतात, अवघड अक्षरं लावून द्यायला. हिब्रूत अहो-जाहो नाही, सगळं अरे-तुरेत. पण मी मनातल्या मनात त्यांना अहोच म्हणते. त्यांनी एकदा विचारलं, तुझ्या घराण्यात रब्बी कोण होते? मी म्हटलं, कुणीच नाही. आम्ही अलिबागच्या इस्रायल आळीतले कोकणी यहुदी, तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. आमच्याकडे रब्बी नव्हतेच. काझी असत, लग्न-बारसं, भांडणतंटा त्यांच्याकडे. कायद्याची ही पुस्तकं कोकणात कुणी पाहिली नव्हती. ते म्हणाले, म्हणजे रामबामच्या पत्रातले तुम्हीच! रामबाम म्हणजे मायमोनिदेस, बाराव्या शतकात कैरोजवळ राहून कायद्याचा मोठा संग्रह रचणारे. फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात ते हिंदुस्थानातल्या यहुद्यांबद्दल सांगतात की यांना शास्त्र काही ठाऊक नाही, फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. रामबामचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघून हिंदी महासागरात बुडाला, तेव्हा आमच्या बाजूच्या समुद्राची त्यांच्याकडे तशीही चांगली आठवण नसणार. त्यांची स्वतःची सही मात्र अजून आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, त्यांच्याच ग्रंथाच्या एका नकलेवर: माझ्या पुस्तकावरून ताडून दुरुस्त केलं, मोशे बिन मायमोन. एवढीशी सही, आणि अख्खी नक्कल प्रमाण झाली.

शास्त्र ठाऊक नाही म्हणता, पण यहुदी शास्त्रात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि आजीच्या स्वयंपाकघरात ती दोन कधी एका भांड्यात आली नाहीत. कोंबडीला नारळाचं दूध. इथे आल्यावर पहिल्या वर्षी लोदच्या घरी शेजारीण जेवायला बसली, पांढरा रस्सा बघून तिने चमचा खाली ठेवला. मी उठून नारळाची करवंटी आणून ताटाशेजारी ठेवली, तेव्हा जेवली. कितीतरी वर्षांनी शुल्हान आरूखमधल्या 'योरे देआ' भागात ८७ वं प्रकरण वाचत होते. तिसऱ्या कलमावर इस्सर्लेस यांचं टिपण आहे: मांसाबरोबर बदामाचं दूध वापरलं तर शेजारी बदाम ठेवावेत, बघणाऱ्याला संशय नको. क्राकोच्या पंडिताने सोळाव्या शतकात बदाम ठेवले, मी लोदला करवंटी. मी हसले ते पाहून टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं? तिला काय सांगणार!

गेल्या मंगळवारी आलेलं पुस्तक योरे देआच आहे. चिंध्यांचा जाड कागद, अठराव्या शतकातला जर्मनीकडचा टाइप, बांधणी नंतरची. मुखपृष्ठ गायब, म्हणजे मालकाचं नाव गायब. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक छोटी छापील चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'ज्युइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन'. ही चिठ्ठी आम्ही सगळे ओळखतो आणि ती दिसली की खोलीतलं बोलणं कमी होतं. नाझींनी युरोपभरची यहुदी ग्रंथालयं लुटून गोळा केलेली पुस्तकं युद्धानंतर अमेरिकी लष्कराने फ्रँकफर्टजवळ ऑफेनबाखला एका इमारतीत जमवली. लाखांनी पुस्तकं. वर्गवारी करायला हाताशी होते जर्मन कामगार, हिब्रूचं एक अक्षर न येणारे. तिथले एक प्रमुख, कॅप्टन आयझॅक बेन्कोविट्झ, यांनी युक्ती काढली: वाचू नका, शिक्का फक्त आकार म्हणून ओळखा. प्रत्येकाला ठरावीक शिक्के वाटून दिले, तो शिक्का दिसला की पुस्तक बाजूला. त्या शिक्क्यांचे फोटो काढून आल्बम केले. ज्यांचा शिक्का ओळखू आला ती पुस्तकं आपापल्या देशी गेली. ज्यांचा धनी लागलाच नाही, त्यांना ही चिठ्ठी लावून जगभरच्या संस्थांना वाटलं. मुखपृष्ठ फाटलेलं, शिक्का नाही, नाव नाही, अशा पुस्तकाला चिठ्ठीच मिळणार.

पण याच्या समासात एकच हात आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बारीक, घाईचं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. छपाईच्या चुका दुरुस्त करतो, दोनदा त्सारीख इयून म्हणतो. मेणाचे थेंब सांगतात की रात्री वाचायचा. बहुतेक पानांवर सुरीने ओळींची टोकं नेली आहेत. आणि कोंबडीच्या पोटात सुई सापडली तर काय, या प्रकरणापाशी त्याची सगळ्यात मोठी नोंद आहे. सुरुवात 'मअसे बा लेयादी' अशी, म्हणजे असं एक प्रकरण माझ्या हाती आलं. शुक्रवारी दुपारी एक बाई कोंबडीचं दाणे दळायचं पोट घेऊन आली, आत सुई. हा नियम असा की सुई आरपार गेली असेल आणि कोंबडी जिवंत असताना गेली असेल तर ती कोंबडी चालत नाही, टाकायची. त्याने उलटसुलट पाहिलं. गंज किती, बाहेरून टोक लागतंय का, रक्ताची खूण आहे की नाही. एका बाजूने आधार दिला, दुसऱ्या बाजूने दिला. मग लिहिलंय की बाई गरीब आहे, घरात शब्बाथसाठी दुसरं काही नाही, आणि दिवस मावळायला आला आहे. म्हणून मी तिला सांगितलं की ती

इथे सुरी. डावीकडचं पान, बाहेरचा समास, ओळीचं टोक गेलं. पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराचं फक्त एक वळण उरलंय. काफ म्हटलं तर काफ, म्हणजे काशेर, चालते. टेट म्हटलं तर टेट, म्हणजे त्रेफा, टाकून दे.

बुधवारी येणाऱ्या त्या आजोबांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, गरीब बाई, शुक्रवार, शास्त्रसुद्धा अशा वेळी सूट देतं, काशेरच असणार. ते म्हणाले, असेल. पण मी असेही पाहिलेत जे त्रेफा म्हणायचे आणि बाई घरी पोचायच्या आत आपल्या घरची कोंबडी तिच्या दारात पाठवायचे. ते काही समासात लिहीत नाहीत. मग भिंग परत देत ती दोन अक्षरं म्हणाले, त्सादी-आयिन, आणि पुढचं पुस्तक ओढलं.

काल वर्णन पूर्ण केलं. 'समासात एकाच हाताच्या नोंदी, लेखक अज्ञात. बांधणीत कडा कापल्याने मजकुराचं नुकसान.' अज्ञात म्हटलं की आकडा खाली येतो. जो लिहायचा तो लिहिला, लॉट नंबर पडला. खोक्यात ठेवायच्या आधी ते पान पुन्हा उघडलं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

मला काफ वाटतो.